जाऊन राहिली

त्यांची रात्र बाराला संपते
तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ.
हॅलिफॅक्सच्या विद्यापीठाला तोवर हो किंवा नाही हवंय,
सोबत पाचशे डॉलर, परत न मिळणारे.

आता सात वाजलेत. मानेवाड्यातल्या आमच्या गच्चीवर
टाकीचं पाणी कालच्या उन्हाने अजून कोमट.
खाली बाबा कूलरच्या ताट्यांमधलं जुनं गवत उपसून
नवं भरतायत.
एकतीस वर्षं कोराडीत चिमण्यांच्या सावलीत नोकरी केलेला माणूस,
सल्ला द्यायची वेळ आली की
आधी पंप चालू करून बघतो,
म्हणजे दोघांनाही नीट ऐकू येत नाही.
"तू ठरव," असं काहीतरी म्हणाले काल.
किंवा "तूच भर." पाण्याबद्दलही असेल.

चार वर्षं बुसानच्या गोदीत मी
जहाजांच्या वेल्डिंगमधल्या भेगा शोधल्या.
तेच यंत्र, बाईच्या पोटावर फिरवतात तसलं,
मी लोखंडाच्या पोटावर फिरवायचे
आणि कागदावर लिहायचे: निरोगी.
हिवाळ्यात बेटावरून संत्र्यांची खोकी यायची,
बिनबियांची, नको इतकी गोड.
मी शेजारच्या टेबलावरच्या मिन-जीला सांगायचे,
आमच्याकडची आंबट असतात, सोलताना डोळ्यात उडतात.
ती म्हणायची, मग इथे काय करतेस?

सात महिने झाले परत येऊन.
लोखंड थकतं कसं, ते शिकायचंय मला.
तिकडे त्यासाठी अख्खा अटलांटिक आहे.
इकडे अंबाझरीजवळच्या कॉलेजात जागा मिळतेय,
स्कूटीने पंचवीस मिनिटं, डबा घरचा,
प्रयोगशाळा बरी, सर चांगले,
समुद्र सोडून सगळं आहे.
बोरकुटे काकू फाटकातूनच विचारतात,
"काऊन वं, अजून शिकूनच राहिली?"

कोरियन शिकवणाऱ्या बाईंनी एकदा फळ्यापाशी विचारलं होतं,
तुमच्या भाषेत 'मी जात आहे' कसं म्हणतात?
मी तेच सांगितलं, पुस्तकातलं.
घरचं सांगितलं नाही.
घरी आम्ही म्हणतो, जाऊन राहिली.
पुण्याची रूममेट यावर हसून लोळायची:
अगं जाऊन, मग राहिली कुठे?
मीही हसायचे तिच्यासोबत.
त्यात विचारण्यासारखं काही आहे
हे तेव्हा कुठे माहीत होतं.

परवा उगाच झिरो माइलपाशी थांबले.
इथून देशातली अंतरं मोजायचे म्हणे.
दगडावर गावांची नावं आहेत, मैल आहेत,
बुसान नाही, हॅलिफॅक्स नाही,
मानेवाडाही नाही.
एका पोराने घोड्यासोबत फोटो काढून मागितला,
तेवढा काढून दिला आणि सीताबर्डीला लस्सी प्यायले.

आठ दहा.
माझी मोठी सुटकेस आईने दिवाळीनंतर
रजया ठेवायला घेतली होती.
मी परत आले, याची घरात झालेली
तेवढीच एक नोंद.
मी चेन उघडते. डांबराच्या गोळ्यांचा वास.
एकेक रजई काढून दोरीवर टाकते,
चार रजया, एक घोंगडी, बाबांचा कानटोप,
आणि तळाशी गोदीतलं माझं ओळखपत्र,
फोटोत केस कापलेले.

आई चहा घेऊन वर येते.
"एप्रिलात रजया? काय करून राहिली तू?"
"वाळवून राहिली."

ती दोरीकडे बघते, मग रिकाम्या सुटकेसकडे.
बराच वेळ कप माझ्या हातात देत नाही.
मग वाकून एका बोटाने चाक फिरवते,
ते फिरत नाही.
"हे तुटलं आहे," म्हणते,
"इतवारीत बसवून देतात."

खाली पंप बंद होतो.